घोडा मोडला नाही

राजशेखर सरांबद्दल पाथरीत आजही कोणी वाईट बोलत नाही. ज्यांना त्यांनी फोडून काढलं ते तर मुळीच बोलत नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी मोंढ्यामागच्या एका पत्र्याच्या हॉलमध्ये कराटे शिकवलं. कपाळावर विभूती, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश, हातात बांबूची काठी. आईबाप पोराला दंडाला धरून आणायचे आणि म्हणायचे, "लय वांड झालाय सर, तेवढा सरळ करा." सर सरळ करायचे. त्यातले काहीजण अजून वाकून चालतात.

त्यांची बायको, सिद्धम्माकाकू, गेली तेव्हा दुपारी तिला माती दिली आणि संध्याकाळी पाचला सर हॉलमध्ये हजर. आम्ही आपले काकूंसाठी दोन मिनिटं शांत उभे राहिलो, तर म्हणाले, "उभं राहायला आलाव का? शंभर लाथा मारा." लोकांनी हे गावभर कौतुकानं सांगितलं. मला तेव्हाही त्यात कौतुक दिसलं नव्हतं, पण लाथा मी शंभरच मारल्या.

अकरा वर्षं मी त्यांच्याकडे होते. वडील तहसीलमध्ये कारकून, घरात मुलीनं मारामारी शिकण्याची रीत नाही, तरी मी गेले आणि टिकले. माझ्याबरोबरची सगळी पोरं गळाली. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला मात्र सरांनी मला तीनदा नापास केलं. एकदा मार बसल्यावर तोंडातून आवाज निघाला म्हणून. एकदा लाथ कमी पडली म्हणून. तिसऱ्यांदा कारण विचारलं, तर विचारलं म्हणून.

यंदा मात्र मला तो पट्टा हवाच होता. परभणीच्या एका शाळेत मुलींना कराटे शिकवायला बाई पाहिजे होती. मुख्याध्यापिका शुभदाबाई मला स्पष्ट म्हणाल्या होत्या, "ब्लॅक बेल्टचं सर्टिफिकेट आणा आणि जूनपासून या. त्याशिवाय संस्था ऐकणार नाही." सर्टिफिकेटवर सही सरांची. म्हणजे माझी नोकरी, परभणीतली खोली, घरातल्यांची बंद होणारी तोंडं, सगळं त्या म्हाताऱ्याच्या उजव्या हातात होतं.

परीक्षेत शेवटी असायचा घोडा. पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं हवेत बसायचं. सर "यामे" म्हणेपर्यंत, म्हणजे थांबा म्हणेपर्यंत, हलायचं नाही. दहा मिनिटं, अर्धा तास, त्यांच्या मर्जीवर. जो आधी उठेल त्यानं घोडा मोडला. तो नापास.

त्यात सरांची एक खोड होती. दोन वर्षांपूर्वी असाच घोडा चालू असताना ते छातीला हात लावून धाडकन पडले होते. तिघं धावले. सर टुणकन उठले आणि तिघांना पालथं पाडून तळपायावर काठीनं मारलं. "दुश्मन मेल्याचं सोंग करंल, तवा बी आसंच पळशील का? मी यामे म्हणलं व्हतं का?" त्या तिघांत भागवत होता. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणारा, माझ्याच वयाचा, अंगानं दांडगा आणि मनानं अगदीच मऊ. आठवडाभर तो चवड्यांवर चालला. आम्ही त्याला हसलो. मी तर जास्तच हसले.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी परीक्षा झाली. आम्ही चौघंच होतो. मी सरांच्या बरोबर समोर, मग मानवतचे दोघे भाऊ, आणि भागवत पार टोकाला, सरांच्या पाठीकडे. सगळं नीट झालं. शेवटी घोडा धरला. सर काठी आपटत फिरत होते. सात-आठ मिनिटांनी माझ्यापुढं येऊन थांबले, काहीतरी बोलायला गेले आणि पडले.

मानवतचे दोघे भाऊ गालात हसले. सोंग सगळ्यांना माहीत होतं. भागवतचे पाय थरथरले, पण तोही हलला नाही. तळपायांना सगळं आठवत असणार.

मला मात्र सरांचा चेहरा दिसत होता. तोंड उजवीकडं ओघळलं होतं. एक डोळा अर्धा मिटलेला, दुसरा सताड उघडा. माझी आजी सरजाबाई अशीच गेली होती, माझ्या मांडीवर. लकवा मी ओळखते. पहिल्या मिनिटातच मला कळलं होतं की हे सोंग नाही.

आणि मी बसून राहिले.

खोटं कशाला बोलू? मी घाबरले नव्हते, गोंधळलेही नव्हते. मनात स्पष्ट हिशेब चालला होता. हलले आणि हा म्हातारा वाचला, तर चौथ्यांदा नापास करील. हलले नाही आणि तो मेला, तर सही जाईल, पण निदान मी घोडा मोडला असं कोणी म्हणणार नाही. आणि त्याच्याखाली आणखी एक होतं, तेही सांगते. त्यांना तसं जमिनीवर पडलेलं बघून मला बरं वाटत होतं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं गेली. मांड्या जळत होत्या आणि मी बघत होते.

मग सरांची पांढरी पँट ओली व्हायला लागली. भागवत ओरडला, "आरं हे सोंग न्हाई!" आणि धावला. त्यानं सरांना खांद्यावर टाकलं, रस्त्यावर काळीपिवळी जीप थांबवली, आतले लोक उतरवले आणि परभणी गाठली. सरांना हॉलबाहेर नेल्यावरच मी उठले आणि त्याच जीपमधून गेले. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "कधी झालं हे?" भागवत माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणाले, "आत्ताच, पडले की लगेच आणलं."

सर वाचले. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं तुटक झालं. मूलबाळ नव्हतंच. पुढचे दोन महिने भागवत जिनिंगची पाळी करून त्यांच्याकडं जायचा. त्यांना धुवायचा, भरवायचा, भस्म लावून द्यायचा. भात सांडला की सर डाव्या हातानं त्याच्या थोबाडीत मारायचे. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा सर्टिफिकेटचा विषय काढायची हिंमत झाली नाही.

मेमध्ये त्यांनी आम्हा चौघांना हॉलवर बोलावलं. भागवतनंच त्यांना उचलून आणून खुर्चीत बसवलं. मांडीवर काळे पट्टे होते. दोनच. मानवतच्या भावांना त्यांनी हातानंच जा म्हणून खुणावलं. भागवत धावल्यावर तेही उठून उभे राहिले होते, म्हणून नापास.

"साक्षी," सर म्हणाले, "पास."

दुसरा पट्टा त्यांनी उचलला आणि भागवत पुढं झाला. तो लाजून हसत होता. सरांनी पट्टा खुर्चीखाली टाकला.

"तू... मोडलास."

भागवतला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "सर, मी मोडला म्हणून तर तुमी बसलाव की हितं."

"मी यामे... म्हणलं न्हाई."

भागवत माझ्याकडं वळला. "साक्षी, तू तर समूरच व्हतीस. तू तरी सांग की सरांला. तुला बी सोंगच वाटलं व्हतं ना?"

"हो," मी म्हणाले. "मला सोंगच वाटलं."

तो मान हलवत बाहेर गेला, जीप बघायला. सरांना घरी न्यायचं होतं ना. मी पिशवीतून आणलेलं कोरं सर्टिफिकेट पुढं धरलं. सरांनी डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली, पण कागद सोडला नाही. मला जवळ ओढलं. तोंडातून लाळ गळत होती आणि डोळे हसत होते. इतके खूष मी त्यांना कधीच पाहिले नव्हते.

"सोंग न्हाई... तुला कळलं व्हतं," ते म्हणाले. "मी शुद्धीत व्हतो. समदा येळ... तुलाच बघत व्हतो. चाळीस वर्षांत... तू एकलीच निघालीस."

शिवी दिली असती तर मी झेलली असती, ते मला येतं. हे नाही येत. मला वाटलं, पट्टा त्यांच्या तोंडावर फेकावा, बाहेर पळत जाऊन भागवतला सगळं सांगावं.

मी कमरेत वाकून नमस्कार केला, कागदाची घडी घातली आणि पट्टा पिशवीत टाकला. बाहेर भागवत जीपवाल्याशी भाडं ठरवत होता. त्यानं विचारलं, "सर काय म्हणले?"

"काही नाही," मी म्हणाले. जूनमध्ये मी शाळेत रुजू झाले.