सॅन्टनची पाच वर्षं आणि साहेबांचा ओला अंगठा

मी एक जुनी मृत्युसारणी आहे. नाव ऐकून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. या गोष्टीत नाक मुरडायचा मान माझा आहे.

माझ्या पोटात राजा नाही, राणी नाही, नुसते आकडे आहेत. अमुक वयाच्या हजार माणसांपैकी वर्षभरात किती जातात आणि उरलेली सरासरी किती वर्षं काढतात, एवढंच मी सांगते. मुंबईच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. लाल कापडी पाठ, कडक पुठ्ठा, आत गुळगुळीत कागद. पहिली काही वर्षं मी काचेच्या कपाटात ऐटीत काढली. मग मला वसईत आणलं आणि माझ्या वाट्याला दिनानाथसाहेब आले.

स्टेशनजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. कुठल्या कारखान्यातल्या कामगारांना किती पेन्शन बसेल, याचे हिशेब तिथे होत. माणूस डोक्याने तल्लख. पण पान उलटायचं म्हटलं की तपकिरीने माखलेला त्यांचा अंगठा तोंडात जायचा. नुसता जिभेला टेकवून भागत नसे. कुल्फी चोखावी तसा ते तो चोखत, आणि मग तो माझ्या कोपऱ्यावर! वर शिंकाही माझ्याच अंगावर. माझं साठीचं पान इतकं भिजलं की एका पावसाळ्यात त्यावर अळंबी उगवली. एका झुरळाने ती थुंकी चाटता चाटता सत्तेचाळीस वयाची अख्खी ओळ खाल्ली. त्या वर्षी वसई-विरारात सत्तेचाळिशीचं एकही माणूस दगावलं नाही. खोटं बोलत असेन तर मला वाळवी लागो!

१९९८ साली विनया आली. नालासोपाऱ्याची, गणितात पदवी घेतलेली. दोन वर्षांची उमेदवारी करायची, साहेबांकडून काम शिकायचं आणि शेवटी त्यांच्या सहीचा दाखला घ्यायचा, असं ठरलं होतं. पहिल्याच दिवशी तिने मला उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "शी!"

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या मनातलं बोलणारं ते पहिलं माणूस.

तिने मला कोरड्या फडक्याने पुसलं, चिकटलेल्या पानांत पावडर टाकली. साहेब हसले. "पोरी, अंगठा ओला केल्याशिवाय हिशेब हाताला लागत नाही."

त्याच वर्षी एक बिस्किटांचा कारखाना बंद पडला. दरमहा पेन्शन देण्याऐवजी प्रत्येक कामगाराला एकदाच काय ती रक्कम देऊन मोकळं करायचं ठरलं. नियम सोपा होता: वय जास्त, तर पुढची वर्षं कमी, म्हणून रक्कमही कमी. त्या कारखान्यात भट्टीवर सॅन्टन नावाचा कामगार होता. त्याच्याकडे शाळेचा दाखला नव्हता आणि कारखान्याच्या कागदावर वयापुढे 'अंदाजे' लिहिलेलं. विनया त्याच्या गावच्या चर्चमध्ये गेली आणि बाप्तिस्म्याच्या वहीत तिला नोंद सापडली. नाव सॅन्टन, बापाचं नाव वॉल्टर, साल १९३५. तिने ते उतरवलं, वही मिटली आणि खुशीत परत आली. हिशेब झाला, अहवाल गेला.

आठवड्याने सॅन्टन आणि त्याची बायको फ्लॉसी जिना चढून आले.

"बाय, माझ्या नवऱ्याला पाच वर्षांनी म्हातारा कोणी केला?" फ्लॉसीने दारातूनच विचारलं.

"हिचा बाप तर लग्नात म्हणत होता, पोरगा फार कोवळा आहे," सॅन्टन म्हणाला.

विनयाने कागद दाखवला. "वहीत १९३५ आहे, मावशी. नाव तेच, वडीलही तेच."

फ्लॉसीने कपाळाला हात लावला. "अगं, तो थोरला सॅन्टन! दीड वर्षाचा होऊन गेला तो. आमच्यात पहिल्या मुलाला आज्याचं नाव. मूल गेलं म्हणून आज्याचं नाव जाऊ देतात काय? मागून झालेल्याला तेच ठेवलं."

"मी चाळीस सालचा," सॅन्टन म्हणाला. "थोरल्याचंच झबलं घालून माझा बाप्तिस्मा झाला." मग त्याचा आवाज उतरला. "भाऊ अँथनी वाटणी मागतो. त्याचा वाटा पैशात देऊन केळीची वाडी राखीन म्हटलं होतं. एवढ्या रकमेत नाही भागत. बोळिंजचा बिल्डर रोज कुंपणाशी टेप घेऊन उभा असतो."

विनयाचा चेहरा पांढरा पडला. साहेबांचा नाही.

"अहवाल गेलाय. आता दुरुस्ती केली तर ऑफिसची अब्रू जाईल," ते म्हणाले. "आणि काय हो सॅन्टन, या वयात पाच वर्षं इकडची तिकडे झाली तर काय बिघडतं?" एवढं बोलून त्यांनी अंगठा चोखला आणि माझं पान उलटलं.

त्या दिवशी मला थुंकीची किळस आली नाही. बोलण्याची आली.

दुसऱ्या दिवशी विनया मला पिशवीत घालून पुन्हा चर्चमध्ये गेली. १९३५च्या नोंदीशेजारी समासात बारीक क्रूस होता आणि पुरल्याची तारीख. पुढे पानं उलटत गेल्यावर १९४० साली दुसरा सॅन्टन, वॉल्टरचाच. पहिल्या खेपेला तिने पान उलटलंच नव्हतं. चर्चची ती वही माझ्याहून कितीतरी म्हातारी, पण नव्या नवरीसारखी स्वच्छ. "मला कोणी चाटत नाही," ती मला हळूच म्हणाली. मी जळून खाक झाले.

तिने उतरवून आणलेली दोन्ही नोंदींची नक्कल साहेबांनी पाहिली. "ठीक. चूक ऑफिसची नाही, शिकाऊ मुलीची आहे, असं लिहून दे. उमेदवारी सहा महिन्यांनी वाढेल. बघ, जमतंय का."

ती नाही म्हणेल अशी त्यांची खात्री होती. तिने तिथेच उभ्याने लिहिलं, सही केली. साहेबांनी तो कागद उलटायला अंगठा तोंडाकडे नेला, तेव्हा तिने कागद मागे ओढला.

"राहू द्या साहेब. मी उलटते."

दुरुस्त अहवाल गेला, सॅन्टनची रक्कम वाढली, अँथनीला वाटा मिळाला, वाडी राहिली, बिल्डर टेप गुंडाळून दुसऱ्या कुंपणाशी गेला. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि मी रद्दीच्या ढिगात पडले. विनयाने मला उचलून घरी आणलं.

२००८च्या मे महिन्यात सॅन्टन तिच्याकडे सुकेळी घेऊन आला. वाडीतल्याच केळ्यांची, उन्हात वाळवलेली, मधासारखी चिकट. त्यातली एक खाता खाता त्याने मला उघडलं.

"या पुस्तकाप्रमाणे माझं किती राहिलं गं?"

"ते तुमच्या एकट्याबद्दल काही सांगत नाही, काका. हजार माणसांबद्दल सांगतं."

"मग बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांना कळव, मी वाडीत आहे म्हणून."

मित्रांनो, पुस्तकाचं पान जरूर उलटा. एक नोंद सापडली म्हणून वही मिटू नका. समासातही बघा, पुढच्या पानावर कोणीतरी जिवंत उभा असतो. पण बोट कोरडं असू द्या, एवढी या म्हातारीची विनवणी आहे.

सॅन्टनच्या चिकट अंगठ्याचा ठसा माझ्या अडुसष्टाव्या ओळीवर आहे. विनया फडकं घेऊन धावली होती. मी पान घट्ट मिटून घेतलं.