माझ्या काट्यातले पंधरा पौंड

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. जुना म्हणा, माझी हरकत नाही. पण मोडका म्हणू नका. सायकलच्या चाकात हवा भरणारा, जमिनीवर ताठ उभा राहणारा, लोखंडी पंप. माझ्या मुठीचा लाल रंग उडाला आहे, नळीला दोन ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळली आहे, हवेचा दाब दाखवणाऱ्या तबकडीच्या काचेला तडा आहे. तरी आजही माझ्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरा आणि मूठ खाली ढकलून बघा. तुमचा हात थकेल, माझी हवा सुटणार नाही.

नानांनी मला याच परीक्षेवर निवडलं. नाना म्हणजे आमच्या घरातले कर्ते. छापखान्यात मशीन चालवून निवृत्त झाले आणि घराच्या मागच्या दाराशी जी अरुंद खोली होती, तिथे त्यांनी सायकलदुरुस्तीसाठी छोटं वर्कशॉप थाटायचं ठरवलं. दुकानदाराने त्यांच्यापुढे एक चकचकीत पेटी उघडली. तिच्यात चाळीस हत्यारं, प्रत्येकाला मखमलीचा खळगा.

"यातली तीस तर मी हातातसुद्धा धरणार नाही," नाना म्हणाले. "मला रोज लागतील तेवढीच द्या, पण चांगली द्या."

मग त्यांनी एकेक नग पारखून घेतला. नटावर घट्ट बसणारे चार पाने, टायर उचकटायच्या तीन पट्ट्या, स्पोक आवळायची चावी, तेलाची बुधली, ठिगळांचा डबा. पंपांची पाळी आली तेव्हा दुकानात आम्ही पाच जण रांगेत उभे होतो. दोन हलके आणि दिसायला देखणे होते. नानांनी सगळ्यांच्या तोंडावर अंगठा ठेवून मूठ दाबली. चौघांनी फुसकन हवा सोडली. मी सोडली नाही. कारखान्यात ज्या बाईंनी माझ्या पोटात चामड्याचा वॉशर बसवला होता, त्यांनी तो आधी तेलात नीट मुरवला होता. ती त्यांची करामत होती, पण फुशारकी मी मारली. अजूनही मारतो.

पुढची कितीतरी वर्षं मी राबलो. नानांची सायकल, माईंची सायकल, त्यांच्या मुलाची आधी तीन चाकांची आणि मग दोन चाकांची. रविवारी सकाळी शेजारीपाजारी सायकली घेऊन मागच्या दाराशी यायचे. समोरचे सुतारकाका मूठ दाबता दाबता म्हणायचे, "नाना, पंप आहे की पहिलवान!" हे ऐकून माझी छाती फुगायची. तशी ती दर वेळी मूठ वर ओढली की फुगतेच, पण ते वेगळं.

एकदा मात्र घात झाला. नाना फळी ठोकत होते आणि हातातला हातोडा निसटून थेट माझ्या तबकडीवर आदळला. काच तडकली, काटा जागचा हलला. नानांनी मला सायकलच्या दुकानात नेऊन तिथल्या पंपाशी ताडून बघितलं. माझा काटा पंधरा पौंड मागे पडला होता. म्हणजे चाकात पंचावन्न पौंड हवा असली की मी आपला चाळीस दाखवायचो.

"दुरुस्त करून घ्या की," माई म्हणाल्या.

"कशाला? पंधरा धरायचे आणि पुढे जायचं," नाना म्हणाले. मशीन आवाजावरून ओळखणारा माणूस, त्यांना काट्याचं काय कौतुक! त्यांनी ऑइलपेंटने भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून टाकलं: पुढचं चाक ३५, मागचं ४०. हे आकडे माझ्या काट्याचे होते. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, म्हणून कुणाचं कधी अडलं नाही. माझा काटा खोटं बोलायचा हे खरं, पण रोज तेवढंच खोटं बोलायचा. इतकं इमान खरं बोलणाऱ्यांतही सापडत नाही.

मुलगा मोठा झाला, बसने कामाला जाऊ लागला. नानांचे गुडघे कुरकुरू लागले. सायकली भिंतीला टेकून राहिल्या आणि माझ्या मुठीवर कुणीतरी जुना रेनकोट अडकवला. वॉशर कोरडा पडू लागला. मी दुःखी होतो, हे लपवत नाही. कामाच्या माणसाला खुंटी करून ठेवलं की त्याला तसंच वाटणार.

मग घरात सूनबाई आल्या. त्या नर्स होत्या. जवळच्या आरोग्य केंद्रात त्यांना नवी नोकरी लागली होती. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जायचं, जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची. रोजची सात घरं, आणि फिरायचं सायकलवर. शेवटचं घर दगडी चढावर होतं. तिथे राहणाऱ्या मास्तरांना जेवणाआधी इंजेक्शन लागायचं. सूनबाई पोचेपर्यंत ते ताटावर झाकण ठेवून दाराकडे बघत बसायचे. पहिला महिना परीक्षेचा होता. वेळ पाळली तर फेरी कायमची मिळणार होती, नाहीतर औषधांच्या खिडकीत बसावं लागणार होतं. आणि सूनबाईंना खिडकी नको होती, त्यांना फेरीच हवी होती.

माईंची सायकल पुसून निघाली. मला वाटलं, आला आपला दिवस! पण मुलाने बायकोसाठी विजेवरचा पंप आणला. विटेएवढा, काळा, गुळगुळीत. हवा तेवढा आकडा लावा, बटण दाबा, घरघर करत हवा भरतो आणि आकडा आला की आपोआप थांबतो. त्याचं नाव मी घरघऱ्या ठेवलं. सूनबाईंनी भिंतीवर वाचलं, मागचं ४०. घरघऱ्याला चाळीस सांगितले. त्याने इमानेइतबारे चाळीस भरले.

मित्रांनो, तुमच्या लक्षात आलं ना? माझ्याही लगेच आलं. चाकात पंचावन्न हवे होते आणि मागच्या कॅरिअरवर औषधांची जड पेटी होती. मी रेनकोटाखालून ओरडलो असतो, पण पंपाला तोंड असलं तरी त्यातून हवाच येते.

पहिल्या सोमवारी दगडी चढावर मागचं चाक बसलं. सूनबाई सायकल हातात धरून चालत गेल्या. मास्तरांना इंजेक्शन मिळायला पाऊण तास उशीर झाला. नानांनी ट्यूबला ठिगळ लावलं, टायरच्या आतून बोटं फिरवली, काटा नाही, खिळा नाही. गुरुवारी पुन्हा तेच. त्या दिवशी मास्तरांना वाट बघून घेरी आली. केंद्रातल्या मोठ्या सिस्टरांनी सूनबाईंना स्पष्ट सांगितलं, "तुमचं काम चांगलं आहे. पण आणखी एकदा उशीर झाला तर मला फेरी दुसरीला द्यावी लागेल."

संध्याकाळी घरात कुजबुज झाली.

"खड्डे बघून चालवत नसेल," नाना म्हणाले. "माझ्या हाताखाली या सायकलला वर्षानुवर्षं पंक्चर ठाऊक नव्हतं."

"हळू बोला," माई म्हणाल्या. "मागेच आहे ती."

सूनबाई मागेच होत्या, माझ्या शेजारी. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत. त्यांनी ट्यूब पाण्याच्या बादलीत बुडवली. बुडबुडे दोन जागांवरून येत होते, शेजारी शेजारी. त्यांनी ट्यूब उजेडाकडे धरली. बोटभर अंतरावर दोन बारीक चिरा, साप चावल्यासारख्या. सोमवारी ठिगळ लावण्याआधीही तशाच दोन दिसल्या होत्या. जखम बघून ती कशाने झाली हे ओळखणं त्यांचा रोजचा धंदा. त्यांनी नानांना हाक मारली.

"नाना, हे खिळ्याचं काम नाही. काहीतरी दोन्ही बाजूंनी चिमटलंय."

नानांनी चष्मा लावला. "रिम आणि दगडामध्ये ट्यूब चिमटली. हवा कमी असली की असं होतं. तू हवा कमी भरतेस, सूनबाई."

"भिंतीवर लिहिलंय तेवढीच भरते. चाळीस."

"मग बरोबर आहे."

"मग चिमटते कशी?"

नानांनी ट्यूबला ठिगळ लावलं, टायर चढवला आणि म्हणाले, "भर बरं माझ्यासमोर." घरघऱ्याने चाळीस भरले. नानांनी अंगठ्याने टायर दाबला आणि मान हलवली. "हे चाळीस नाहीत."

"यंत्र चाळीस म्हणतंय."

"यंत्राला काय कळतंय!"

तेव्हा सूनबाईंनी माझ्याकडे बघितलं. "आमच्याकडे दोन थर्मामीटर वेगवेगळा ताप दाखवायला लागले," त्या म्हणाल्या, "तर आम्ही दोन्ही एकाच पेशंटला लावून बघतो." आणि त्यांनी माझ्या मुठीवरचा रेनकोट उचलून बाजूला टाकला.

पहिला दाब कोरडा गेला. दुसराही. माझी लाज जायची वेळ आली होती. नानांनी बुधलीतून चार थेंब माझ्या पोटात सोडले, वॉशर ओला झाला आणि मग मी असा काही भरलो की विचारू नका! काटा चाळीसवर आला. सूनबाईंनी मला काढून घरघऱ्याला जोडलं. त्याने आकडा दाखवला: पंचावन्न.

"पंधराचा फरक आहे," सूनबाई म्हणाल्या.

"हो. पंधरा धरायचे असतात ना त्याच्यात," नाना सहज म्हणाले.

"कुणी धरायचे?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळे म्हणजे कोण, नाना?"

नानांनी कपाळावर हात मारला. सगळे म्हणजे ते, माई आणि मुलगा. आणि मुलगा लहानपणापासून पंधरा धरत आलेला, त्याला आपण धरतो हेच आठवत नव्हतं. घरात जी एकटी रोज चाक भरत होती, तिलाच कुणी सांगितलं नव्हतं. नानांचा चेहरा पडला. "चूक माझी, पोरी," ते म्हणाले. "आणि खापर तुझ्या डोक्यावर फोडलं."

मलाही शरम वाटली. काटा माझाच होता.

माई दारात येऊन उभ्या होत्या. "मग सगळंच सांगून टाका एकदाचं," त्या म्हणाल्या. "न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो. गॅसचं मधलं बटण आधी दाबायचं, मग फिरवायचं. आणि तो वजनाचा काटा, तो दोन किलो जास्त दाखवतो हं."

"काय?" सूनबाई ओरडल्या. "मी महिनाभर अर्धपोटी जेवतेय!"

माई आधी हसल्या की नाना, ते मला कळलं नाही. सूनबाई हसता हसता रडल्या आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवल्या, असं मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हवा माझ्याकडून भरून घेतली, चाळीसपर्यंत, आणि घरघऱ्याकडून खात्री करून घेतली. नाना चहाचा कप हातात घेऊन मागच्या दारात उभे होते आणि सायकल वळणाआड जाईपर्यंत कप तोंडाला लावला नाही. दुपारी सूनबाई परतल्या त्या घंटी वाजवतच. सातही घरं वेळेवर झाली होती. मास्तरांनी ताटावर झाकणसुद्धा ठेवलं नव्हतं, कारण ताट अजून वाढलंच नव्हतं. महिना सरला तेव्हा मोठ्या सिस्टरांनी फेरी त्यांच्या नावावर केली.

त्या चाकातली हवा माझी होती, मित्रांनो. मी ते कुणालाही सांगतो.

नाना मला दुरुस्तीला न्यायला निघाले होते. सूनबाईंनी अडवलं नाही, पण दुकानदारानेच सांगितलं की या जातीची तबकडी आता मिळत नाही आणि जुनी उघडली तर काच हातात येईल. मग नानांनी माझ्या तबकडीखाली पांढऱ्या रंगाने लिहिलं, "१५ मिळवा", आणि भिंतीवरचे आकडे पुसून खरे लिहिले. आता दर महिन्याला माझ्या वॉशरला तेल मिळतं. रेनकोटासाठी वेगळी खुंटी आली आहे. घरघऱ्या माझ्या शेजारी असतो. तो बरा आहे. त्याची बॅटरी उतरली की मी काही बोलत नाही.

तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी असेल. त्याला तेलपाणी करा, त्याची खोड दुरुस्त होत असेल तर लगेच करून घ्या, होत नसेल तर तिथेच लिहून ठेवा. आणि घरात नवं माणूस आलं की ते आधी वाचून दाखवा. आपल्याला पाठ झालेलं त्याला पाठ नसतं, आणि न सांगितलेल्या गोष्टीबद्दल त्याने बोलणी खाऊ नयेत.

परवा केंद्रात नव्याने लागलेली एक मुलगी आली होती. तिलाही फेरी मिळाली आहे, तिच्या सायकलचं चाक मऊ झालं होतं. तिने माझी मूठ धरली, तोच सूनबाई स्वयंपाकघरातून ओला हात पुसत धावत आल्या.

"अगं थांब, आधी ऐक," त्या म्हणाल्या. "आमच्या पंपाचा काटा पंधरा मागे आहे. आम्ही सगळे पंधरा धरतो."