न घेतलेलं तांबं

रविवारी दुपारी बायको जुन्या चिठ्ठ्या खात्याच्या उताऱ्याशी जुळवायला बसली आणि मी तिच्याभोवती घुटमळायला लागलो.

आम्ही वायदेबाजारात सौदे करायचो, आणि घरी कामाची वाटणी सरळ होती. नियम तिचा, बटण माझं. ज्याचा भाव कित्येक महिने वर चाललाय ते घ्यायचं, भाव वळला की विकायचं, मध्ये स्वतःची अक्कल पाजळायची नाही. संध्याकाळी ती चिठ्ठी लिहायची, सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी ऑर्डर टाकायचो. दहातले सात सौदे थोड्या तोट्यात जातात, एखादाच मोठा लागतो आणि सगळं भरून काढतो, हे मला तोंडपाठ होतं. कुठल्या सौद्यात किती मिळालं ते मात्र ती कधीच बघायची नाही. बघितलं की पुढच्या वेळी हात थरथरतो, म्हणायची. महिन्याला फक्त एकूण आकडा. या सौद्यांसाठी तिनं बँकेतली नोकरी सोडली होती, आणि पैसे तिच्या बाबांच्या निवृत्तीचे होते.

हात थरथरला तो माझा. दोन वर्षांपूर्वी लागोपाठ अकरा सौदे बुडाले. बाराव्या चिठ्ठीवर होतं, ‘तांबं घ्या’. मी मनात म्हटलं, एवढा एक तोटा तरी वाचवू बिचारीचा. तांबं चौदा महिने चढत राहिलं. मग तिनं ‘तांबं विका’ अशी चिठ्ठी दिली. विकायला होतं कुठे? मी ती निमूट खिशात घातली. एकूण आकडा तरीही वाढेना, तेव्हा तांब्याची कमाईही बाकीच्या तोट्यांनी गिळली असं तिनं धरलं.

आणि आता, सासरे हिशोब विचारायला येणार म्हणून पहिल्यांदाच एकेक सौदा तपासत, ती दोन वर्षांपूर्वीच्या मार्चपर्यंत आली होती. तांबं मेमध्ये होतं.

“चहा टाकू?” मी विचारलं.

“तिसऱ्यांदा विचारतोयस. बरं आहे ना तुला?”

एप्रिल उघडलाच होता, तेवढ्यात बेल वाजली. सासरे अर्धा तास आधीच आले होते. मला इतकं हायसं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

सासऱ्यांनी बसता बसता विचारलं, “मग? चालतं का गं अजून हे?”

तिनं कागद गोळा केले. “नाही, बाबा. पूर्वी चालायचं. आता सगळेच तेच करतात. मीच हट्टानं धरून बसले. माझं चुकलं.”

“असू दे. बँकेत ठेवू, झोप तरी लागेल.”

“उद्या जुन्या साहेबांना फोन करते. परत घेतात का बघते.”

मी नुसतं गप्प बसायचं होतं. कागद फाइलीत गेले असते आणि मी सुटलो असतो. पण ती खाली मान घालून, शाळेत नापास झाल्यासारखी बसली होती, आणि ते मला बघवेना.

“तांबं मी घेतलंच नव्हतं,” मी म्हणालो.

मी सगळं सांगितलं, खिशातल्या चिठ्ठीसकट. तिनं मे महिना काढला, कॅल्क्युलेटरवर आकडे दाबले, पुन्हा दाबले.

“सगळा तोटा भरून निघाला असता. वर शिल्लक राहिली असती.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “वर्षभर मी स्वतःला मूर्ख समजतेय. रोज तुझ्यासमोर रडतेय. आणि तू मला पाणी आणून देत होतास.”

मला वाटलं होतं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

सासऱ्यांनी घसा खाकरला. “म्हणजे पद्धत चालते?”

“पद्धत चालते, बाबा. दोन-तीन वर्षं कोरडी जातात, पण चालते.”

“मग चालू ठेव.”

तिनं माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. “तू जरा बाहेर थांब,” ती मला म्हणाली.

मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. आत ती सौद्यांच्या खात्याला नवा पासवर्ड टाइप करत होती. दोनदा करावा लागतो, तसा तिनं केला.