गुरुवारच्या बैठकीतली साखर

मित्रांनो, मी एक जुनी, चांदीची साखरदाणी आहे आणि मला साखरेची किळस येते. हसू नका. सारे आयुष्य साखर पोटात घेऊन काढले, म्हणूनच येते.

माझा जन्म पॅरिसमधल्या एका कारागिराच्या दुकानात झाला. त्याने मला ठोकून ठोकून गोल केले, झाकणावर गुलाबाची कळी बसवली आणि पुढे एक छोटेसे कुलूप लावले. त्या काळी साखर इतकी महाग होती की नोकरांच्या हाती ती उघडी ठेवायला कुणी धजत नसे. माझी किल्ली मालकीणबाई मादाम द व्हिलेर्माँ यांच्या कमरेला लटकत असे.

दर गुरुवारी मादामच्या दिवाणखान्यात विचारवंतांची बैठक भरे. कॉफी पिता पिता काय काय बोलले जाई! राजाला काही देवाने नेमलेले नाही, धर्मगुरूंच्या धाकात राहू नका, प्रत्येक गोष्ट बुद्धीने पारखून घ्या. ते नुसते बोलणेही नव्हते. त्यांचे ऐकून मादामने सगळ्या नातेवाइकांचा विरोध पत्करला आणि आपल्या मुलीला देवी टोचून घेतल्या. पुढे साथ आली आणि ती पोरगी वाचली. अशा लोकांच्या टेबलावर आपण आहोत, याचा मला फार अभिमान वाटे.

त्या बैठकीत नामवंत लेखक मस्यू ताबूरो यांचा शब्द मोठा. एका गुरुवारी त्यांनी आपला नवा निबंध वाचून दाखवला. "माणसाला विकणारा चोर असतो," ते गरजले, "आणि ते पाहून गप्प बसणारा त्या चोराचा भागीदार!" बायकांनी रुमाल डोळ्यांना लावले. मग कॉफी आली.

मला तबकात घेऊन उर्स्युल फिरत होती. समुद्रापलीकडच्या बेटावर मादामच्या यजमानांचे उसाचे मळे होते. माझ्यातली साखर तिथूनच येई आणि उर्स्युलही तिथूनच आणलेली. ती मादामची विकत घेतलेली बाई होती. अलीकडे ती शेफारली आहे, असे मादामला वाटू लागले होते, म्हणून तिला परत मळ्यावर धाडायचे ठरले होते. आमच्या शहरात अशा माणसांना न्यायालयात दाद मागून सुटता येई. पण कुणा वजनदार गृहस्थाने शब्द टाकल्याशिवाय वकील तिला दारातही उभे करीत नव्हता.

उर्स्युलने एकच चूक केली. तिने तो निबंध खरा मानला.

ती ताबूरोंपुढे थांबली. "साहेब, पुढच्या आठवड्यात मला जहाजावर घालणार आहेत. तुम्ही वकिलाला एक शब्द सांगा. गप्प बसणारा चोराचा भागीदार, असं आत्ताच म्हणालात ना? मग तुम्ही कसे गप्प बसाल?"

मग कुणीतरी टाळी वाजवली.

"अगंबाई, काय बोलली!" एक बाई म्हणाल्या. "आणि शिकवलंय कुणी हिला? कुण्णी नाही!"

बघता बघता टाळ्यांचा कडकडाट झाला. ताबूरोंचे डोळे पाणावले. "वा! काळजातून आलेलं बोलणं म्हणतात ते हे. मादाम, हे वाक्य मी निबंधात घेऊ का?"

विचारले ते मादामला!

"घ्या की. तिचं जे काय आहे ते माझंच आहे," मादाम हसल्या. "आणि तू गं, खांबासारखी उभी काय राहिलीस? साहेबांना साखर दे."

"पण माझ्या सुटकेचं, साहेब?" उर्स्युलने हळूच विचारले.

"अगं पोरी, मी सगळ्या मानवजातीसाठी लिहितो. लोकांच्या घरगुती भानगडीत मी कसा पडू?" असे म्हणत त्यांनी चिमटा माझ्या पोटात घातला आणि चांगले तीन खडे उचलले. मला ओकारी आली. पण भांड्याला ओकता येत नाही.

पुढच्या गुरुवारी तबक दुसऱ्याच बाईच्या हातात होते. निबंध पुन्हा वाचला गेला, उर्स्युलच्या वाक्यासकट. तो छापला गेला, परदेशांत पोचला, राजेरजवाड्यांनीही तो वाखाणला. ते वाक्य बोलणारी कुठे आहे, हे एकानेही विचारले नाही. मलाही ते कधी कळले नाही.

मग राज्यक्रांती झाली, घर लुटले गेले, मी कितीतरी वर्षे एका तळघरात काळीठिक्कर पडून होते. आता संग्रहालयात काचेच्या कपाटात आहे. मला घासूनपुसून लख्ख केले आहे. खाली पाटी आहे: "स्वातंत्र्याचे विचार हिच्या साक्षीने जन्मले." ती वाचून लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात आणि माझ्या पोटात पुन्हा ढवळून येते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगायला हवे. मला नाही जपले तरी चालेल. मोठे विचार वाईट नसतात. त्यांनी एका मुलीचा जीव वाचवलेला मी पाहिला आहे. पण कधी कुणी तुमच्याच शब्दांवर विश्वास ठेवून तुमच्यापुढे येऊन उभे राहिले, तर कृपा करून टाळ्या वाजवू नका. हातातला पेला खाली ठेवा आणि त्याच्याबरोबर वकिलाकडे जा.