हरकती : निरंक

आमच्या दादाला सगळं कळतं, फक्त उशिरा. माझा सख्खा मोठा भाऊ, निवृत्त मास्तर. त्याची शाळा आता रोज सकाळी शिंप्याच्या दुकानात भरते. कापड बेतायच्या टेबलावर पेपर पसरायचा, दादा, शिंपी आणि चष्मेवाला अशा तिघांनी पानं वाटून घ्यायची आणि नगरपालिकेच्या नावानं बोटं मोडायची. तिथं पुरेशी मोडून झाली की उरलेली दादा घरी येऊन माझ्यासमोर मोडतो, कारण मी त्याच नगरपालिकेत कारकून आणि राहते त्याच्याच घरात, वरच्या खोलीत. एकतीस वर्षं ऐकतेय. आता उलटून बोलायचाही कंटाळा येतो.

या खेपेचा विषय होता दवाखाना. आमच्या ऑफिसच्या आवारातच नगरपालिकेचा जुना दवाखाना आहे. तो पाडून तिथं नागरिकांसाठी सभागृह आणि कारंजं करायचं, नि दवाखाना न्यायचा मोठ्या रस्त्यापलीकडे, असं घाटत होतं. पेपरात कारंज्याचं रंगीत चित्र आलं आणि वाचकांची पत्रं सुरू झाली. चष्मेवाला कारंज्यावर खूश होता. शिंपी म्हणे, नळाला पाणी नाही ते कारंज्याला कुठून येणार? दादाचं एकच पालुपद : सगळं बंद दाराआड चाललंय, लोकांना काही दाखवतच नाहीत.

बंद दार म्हणे! अहो, दार सताड उघडं होतं. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत तो अख्खा आराखडा टेबलावर पसरून ठेवला होता. चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट, शेजारी हरकतींची वही, वहीला दोऱ्यानं बांधलेलं पेन. तीस दिवस. आणि राखणीला मी. एक जरी हरकत आली तरी सुनावणी घ्यावी लागते. एकही आली नाही तर आराखडा मंजूर. मला चाललं असतं तर पहिल्याच दिवशी सही ठोकली असती, पण कर्मचाऱ्याला हरकत घेता येत नाही.

माझा जीव तुटत होता तो वहिनीच्या पायासाठी. मधुमेहानं टाचेला जखम झालीय, वर्ष होत आलं, भरत नाही. दिवसाआड ड्रेसिंग. आज दवाखाना घरापासून दोन गल्ल्यांवर आहे म्हणून काठी टेकत एकटी येते, आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसते, नंबर लागेपर्यंत मी तिला पाणी नेऊन देते. तो मोठा रस्ता धडधाकट माणसाला जीव मुठीत धरून ओलांडावा लागतो. वहिनीचं काय होणार?

म्हणून दादाला सांगितलं. एकदा जेवताना, एकदा तो दाढी करताना, एकदा चक्क चिठ्ठी लिहून. नोटीस पेपरात सातव्या पानावर आली होती तीही दाखवली. म्हणाला, सातवं पान शिंपी इस्त्रीखाली घालतो. पाचव्यांदा सांगितलं तेव्हा चिडला.

"त्या वहीत सही करणं म्हणजे त्यांच्या नाटकात काम करणं. मी पेपरात लिहीन, चारचौघांत. त्याला पारदर्शकता म्हणतात."

"वहिनीच्या पायासाठी तरी ये," मी म्हटलं. तेव्हा कुठे, शेवटच्या दिवशी पाचच्या आत येतो, असं कबूल केलं.

तीस दिवसांत त्या खोलीत तीन माणसं आली. एकाला जन्माचा दाखला हवा होता, एक पंखा दुरुस्त करायला आला आणि एकानं संडास कुठंय ते विचारलं. शेवटच्या दिवशी मी साडेपाचपर्यंत दार लावलं नाही. साहेब दोनदा डोकावून गेले. दादा आला नाही. शेवटी वहीचं कोरं पान उघडलं आणि माझ्याच हातानं लिहिलं, हरकती : निरंक. खाली सही, तारीख. ते दोऱ्याचं पेन पहिल्यांदा वापरलं ते मीच.

दादा पत्र पक्कं करत बसला होता. तिसऱ्या दिवशी ते छापून आलं, चांगलं चौकटीत. शिंप्यानं मोठ्यानं वाचलं, चष्मेवाल्यानं हात मिळवला. दादा पेपर घेऊन घरी आला आणि आम्हा दोघींना त्यानं पुन्हा वाचून दाखवला. वहिनी पाय स्टुलावर ठेवून ऐकत होती. पत्र खरंच चांगलं होतं. आजाऱ्यांनी रस्ता कसा ओलांडायचा, हेसुद्धा लिहिलं होतं.

"मुदत परवा संपली, दादा," मी म्हटलं. "काल मंजूर झालं."

त्यानं चष्मा काढला. पेपरात आलंय म्हटल्यावर दखल घ्यावीच लागेल, असं काहीसं पुटपुटला. वरातीमागून घोडं, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून गिळलं.

मग वहिनीनं विचारलं, कसली मुदत, कसली वही? तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितलं. आराखडा, खोली, वही, एक सही.

"जिन्याखालची खोली म्हणजे," ती म्हणाली, "माझ्या बाकासमोरची?"

"हो."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे पंधरा वेळा मी तुमच्या दारासमोर बसून होते, वन्सं. सही मलाही येते."

आवाज चढवला नाही तिनं. आमच्या घरात असल्या गोष्टी दादाला सांगायच्या असतात, असं मला म्हणायचं होतं. तुला उगाच त्रास कशाला, असंही म्हणायचं होतं. पण पाय तिचा होता आणि पाच वेळा मी सांगितलं ते दादाला.

पाणी आणू का, मी विचारलं.