बाईआ फार्ताचा परदेशी

खनिज तेलाचा भाव निम्म्याच्याही खाली गेला त्या वर्षी मी राजधानीत, लुआंडात, मध्यवर्ती बँकेच्या आकडेवारी खात्यात होतो. देशात बाहेरून किती पैसा गुंतला आणि किती परत गेला, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी काढायचा, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण तेल कंपन्या आधी विहिरी खोदायला डॉलर आणतात आणि तेल लागलं की केलेला खर्च वसूल करून नेतात. त्यामुळे ज्या वर्षी त्यांचं उत्तम चालायचं, त्याच वर्षी माझ्या तक्त्यात गुंतवणूक उणे दिसायची. मंत्री टीव्हीवर सांगायचे, गुंतवणूक वाढली. ते नुसता आलेला पैसा मोजायचे; मी गेलेला वजा करून शून्याच्या खालचा आकडा लिहायचो. आणि आम्ही दोघंही खरं बोलत असायचो. सासरे दर रविवारी जेवताना विचारायचे, "मग जावईबापू, पैसा आला की गेला?" मी माशाचे काटे काढण्यात वेळ घालवायचो.

त्या वर्षी डॉलर आटले. बँक दर आठवड्याला असतील तेवढे वाटायची. बाहेरून माल मागवणाऱ्यांची रांग एक: गहू, औषधं, यंत्रांचे भाग. ती महिनोन्‌महिने हलायची नाही. दुसरी रांग परदेशी गुंतवणूकदारांची, नफा मायदेशी नेणाऱ्यांची. बाहेरचा माणूस एकदा घाबरला की पुन्हा फिरकत नाही, म्हणून ही रांग लहान ठेवलेली आणि भराभर सरकणारी.

तेल सोडून बाकीच्या धंद्यांतल्या परदेशी गुंतवणूकदारांच्या यादीत पहिलं नाव होतं बेंगेला शहराजवळच्या बाईआ फार्ता गावातल्या एका कारखान्याचं. सार्डिन मासे डबाबंद करण्याचा कारखाना, मालकी दुबईतल्या एका कंपनीची. त्यांना तीस लाख डॉलर नफा बाहेर पाठवायचा होता. अर्जात सगळं भरलेलं होतं, फक्त मूळ मालक कुठे राहतो तो रकाना कोरा.

माझ्या वरिष्ठ फिलोमेनाबाई, आमच्याकडे म्हणतात तसं दोना फिलोमेना, यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "एव्हारिस्टो, जाऊन ये. मालक राहतो कुठे, एवढंच विचार. बाकी शहाणपण करू नकोस."

मी विमानानं गेलो, पुढे टॅक्सी केली. कारखाना समुद्राला लागूनच होता. लांबलचक टेबलांशी पांढरे गमबूट घातलेल्या दीडशेएक बायका मासे साफ करत होत्या. त्यांची मुकादम सेलेस्तिना सापालो, चाळिशीची, धिप्पाड बाई. मी तिला विचारलं, परदेशी साहेब कुठे भेटतील.

"परदेशी? एक पोर्तुगीज मेकॅनिक होता," ती म्हणाली. "पगाराचे डॉलर मिळेनात म्हणून जानेवारीत गेला."

मी म्हटलं, मेकॅनिक नको, मालक हवे आहेत.

"मालक हवा तर तसं म्हणा ना. तो काय, काट्यापाशी भांडतोय."

रबरी चपला घातलेला, साठी ओलांडलेला एक माणूस वजनकाट्यापाशी एका कोळ्याशी तिथल्या उंबुंडू भाषेत हुज्जत घालत होता. अदेरितो कालुएयो. जन्म बाईआ फार्तातलाच, चर्चच्या मागच्या गल्लीतला. मी बँकेतून आलोय म्हटल्यावर त्यानं कोळ्याला हवं ते वजन मान्य केलं आणि मला कचेरीत नेलं. भाजलेला मासा आणि पामतेलातल्या शेंगदाण्यांची उसळ मागवली, आणि मी न विचारताच सगळं सांगून टाकलं.

तेलाचे चांगले दिवस होते तेव्हा तो समुद्रात तेल काढणाऱ्या फलाटांवर जेवण पुरवायचा. कंपन्या त्याचे पैसे बाहेरच चुकते करायच्या, डॉलरमध्ये. तो ते बाहेरच ठेवायचा. सगळेच ठेवायचे. पुढे गावात कारखाना काढावा असं मनात आलं, तेव्हा आधी तो स्वतःच्या नावानं अर्ज घेऊन फिरला. दोन वर्षं कुणी दाद दिली नाही. मग कुणीतरी सुचवलं म्हणून दुबईत कंपनी काढली आणि तिच्या नावानं अर्ज केला. चार महिन्यांत परवानगी. फीत कापायला मंत्री स्वतः आले.

"मंत्र्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, आमच्या देशावर विश्वास दाखवलात, आभारी आहोत," कालुएयो म्हणाला. "आता तुम्हीच सांगा साहेब, मी काय म्हणायला हवं होतं? अहो, मी इथलाच, असं?"

मी विचारलं, मग नफा बाहेर कशाला नेताय? तुम्ही तर इथेच राहता.

त्यानं उठून कपाट उघडलं. आत रिकामा डबा होता, एकच. "पत्रा," तो म्हणाला. "डब्यांचा पत्रा पोर्तुगालहून येतो. तो विकणारा आपले क्वांझा घेत नाही, डॉलर मागतो. माल मागवणाऱ्यांच्या रांगेत मी सात महिने उभा आहे. परदेशी म्हणून नफ्याच्या रांगेत उभा राहिलो तर महिनाभरात नंबर लागतो. नफा बाहेर नेतो, त्याचाच पत्रा घेतो, पत्रा इथे येतो. चोरी कुठे झाली, दाखवा."

मला चोरी दिसत नव्हती. पण जे दिसत होतं त्याला नावही देता येत नव्हतं. परदेशी माणूस इथलाच निघाला होता, आणि बाहेर जाणारा नफा मुळात नफा नव्हताच, तो पत्रा होता.

"लिहिणार काय तुम्ही?" त्यानं विचारलं.

"जे पाहिलं ते," मी म्हणालो. त्या वेळी हे उत्तर मला फार चांगलं वाटलं होतं.

लुआंडाला येऊन मी दोन पानं लिहिली. दोना फिलोमेनांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "कंपनी दुबईची, म्हणजे परदेशी. पण कंपनी म्हणजे नुसती टपालपेटी आणि माणूस इथला, म्हणजे देशी. तुला मी उत्तर आणायला पाठवलं होतं. तू प्रश्न घेऊन आलास."

प्रकरण बँकेच्या समितीपुढे गेलं. समितीनं ठरवलं, देशी. कारखान्याचं नाव लहान रांगेतून निघालं. माझ्या तक्त्यातूनही मी एवढी मोठी गुंतवणूक पुसली आणि तळाशी टीप लिहिली: दुरुस्ती. साहेबलोकांनी काटेकोर कामाबद्दल माझं कौतुक केलं.

ऑगस्टमध्ये पत्रा संपला. ते मला सेलेस्तिनाच्या फोनवरून कळलं. कारखाना बंद झाला होता, बायका घरी बसल्या होत्या. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"साहेब, तुम्ही म्हणे आम्हाला देशी केलंत."

"मी नाही, समितीनं."

"बरं, समितीनं. देशी झालो म्हणजे चांगलंच असेल. पण मग पत्रा का येत नाही? माझ्या बायका रोज विचारतात, मला सांगता येत नाही. म्हटलं, ज्यानं लिहिलं त्यालाच विचारावं."

मी तिला रांगा समजावून सांगू लागलो. सांगता सांगता माझंच मला पटेना, तेव्हा थांबलो. तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी डॉलर वाटणाऱ्या खात्यात गेलो आणि तिथल्या ओळखीच्या माणसाला विचारलं, कारखान्याला न मिळालेले ते तीस लाख शेवटी गेले कुठे? गव्हाला गेले म्हणाला असता, औषधांना गेले म्हणाला असता, तरी मला झोप लागली असती. तो हसला. म्हणाला, डॉलरवर कुणाचं नाव लिहिलेलं असतं का? त्या आठवड्यात गव्हालाही गेले, औषधांनाही गेले आणि बिअरच्या कारखान्यालाही गेले. त्यातले तुझे कुठले, ते देवाला ठाऊक.

वर्ष संपता संपता कालुएयोनं कारखाना एका स्पॅनिश कंपनीला विकला. कागद माझ्याच टेबलावर आले. किंमत एक कोटी दहा लाख डॉलर, आणि ती चुकती झाली लिस्बनमधल्या एका खात्यात. देशात एक डॉलरही आला नव्हता. तरी नियम स्पष्ट होता: देशी माणसाची मालमत्ता परदेश्यानं घेतली, म्हणजे नवी परदेशी गुंतवणूक. कारखाना आधीसारखाच परदेशी लिहिलेला असता तर एका परदेश्यानं दुसऱ्याला विकला एवढंच झालं असतं, तक्त्यातला आकडा हललाही नसता. मी केलेल्या दुरुस्तीमुळे तो वाढला. त्या तिमाहीचा तक्ता खूप दिवसांनी चांगला दिसला आणि मंत्र्यांनी एका परिषदेत त्याचा उल्लेख केला. दोना फिलोमेनांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

मार्चमध्ये मी रजा काढून बाईआ फार्ताला गेलो. या वेळी बँकेनं पाठवलं नव्हतं. कारखाना सुरू झाला होता. कारखान्याचा अडकून पडलेला नफा बाहेर नेण्यासाठी नव्या मालकांचा नंबर लहान रांगेत लागला होता आणि पत्रा महिनाभरात आला होता. दाराशी पहारेकरी होता, त्यानं आत सोडलं नाही. निरोप पाठवला तेव्हा सेलेस्तिना बाहेर आली, ओले हात पुसत.

मी कालुएयोची चौकशी केली. तो मुलीकडे लिस्बनला राहायला गेला होता. तिथं करमत नाही म्हणतो, ती म्हणाली. दर शुक्रवारी फोन करतो आणि आज किती मासा आला ते विचारतो. ती खरा आकडा सांगत नाही, थोडा कमी सांगते, म्हणजे त्याला बरं वाटतं.

"आणि तुमचं कसं चाललंय?"

"पगार वेळेवर होतो. कालुएयोच्या वेळी कधी दहा दिवस उशीर व्हायचा. पण तो दुपारचं जेवण द्यायचा, ते यांनी बंद केलं. तीस बायका परत घेतल्या नाहीत, त्यांच्या जागी यंत्र आलंय. माझी बहीण त्या तिसांत आहे." तिनं हात पुन्हा पुसले. "तुम्ही शिकलेले. हे चांगलं झालं म्हणायचं का?"

मी तिला खरं तेच सांगितलं. म्हणालो, दोना सेलेस्तिना, मी वर्षभर हेच समजून घ्यायचा प्रयत्न करतोय, मला अजून कळलेलं नाही.

तिला राग आला नाही. उलट थोडी हसली, बहुतेक मोठ्या बँकेतल्या माणसालाही कळत नाही याचा तिला आधार वाटला असावा. मग आतून भोंगा वाजला आणि ती घाईघाईनं कामाला गेली. मी टॅक्सीत जाऊन बसलो. ड्रायव्हरनं विचारलं, आता कुठे. काम गेलेल्या सेलेस्तिनाच्या बहिणीचं घर जवळच आहे, असं पहारेकऱ्याकडून कळलं होतं. तिकडे जावं की नाही हे ठरवत मी बराच वेळ तसाच बसून राहिलो, आणि शेवटी त्याला म्हटलं, विमानतळावर चल.