लांडग्याचा वाटा

माघ सरत आला होता. गोदावरीचं पाणी आटून पात्राच्या मधोमध गेलं होतं. काठानं जहागीरदारांचं शिकारीचं राखीव रान होतं. मी शाळेत शिकवत असे; शुक्रवारी शाळेला आठवड्याची सुट्टी असली की पाखरं पाहायला मी तिथं फिरत असे. त्या दिवशी झाऊच्या झुडपांपाशी आसराबाई धनगरीण बसलेली दिसली. पुढ्यात तिचा कुत्रा मरून पडला होता. पाठ मागं वाकलेली, पाय ताठ.

"कुचल्याचं विष आहे," मी म्हणाले. "यानं काय खाल्लं?"

"काल लांडग्यानं आमची मेंढी धरली. तिलाच तोंड लावलं असंल."

"ती तुम्ही उचलली नाहीत?"

"लांडग्यानं धरलेलं आम्ही माघारी घेत न्हाई, बाई. त्यो त्याचा वाटा."

मेंढी थोडी पुढं पडली होती. मांसाला चाकूनं चिरा पाडून आत पांढरी भुकटी भरलेली होती.

तेवढ्यात रानाचा राखणदार रखमाजी आला. "इख म्याच भरलं. साहेबलोक शिकारीला येऊन राह्यले. लांडग्यानं हरणं खाल्ली तर त्यांनी मारायचं काय? आन् आसराबाई, तुमचाबी फायदाच की. वर जहागीरदारांना लांडग्याची तक्रार तुमचीच हाय म्हणून सांगितलं म्या."

"माझी? म्या कधी केल्ती?"

"न्हाई केली. म्हणून काय झालं?"

"आम्ही मेंढी उचलणार न्हाई, हे ठाव होतं तुला."

"बिलकुल!" तो हसला. "लांडगा माघारी येणार, मेंढी जागेवर. दुसरं जनावर मारायचा खर्चच न्हाई."

ऊन उतरलं होतं. लांडगा यायचा त्या नदीपलीकडं आसराबाईनं एकदा पाहिलं. मग उठून तिनं मेंढीच्या पायाला दोरी बांधली.

"अवं, त्याचा वाटा म्हणत व्हता ना?" रखमाजी म्हणाला.

"त्याचाच हाय. तू बाटवलास."

दोरीचं दुसरं टोक मी धरलं. जवळच साहेबांसाठी ठोकलेल्या तंबूंपाशी शेकोटीसाठी बाभळीच्या लाकडांची रास रचलेली होती. मेंढी आम्ही तिच्यावर चढवली. कुत्रा आसराबाईनं स्वतः उचलून आणला आणि मेंढीशेजारी ठेवला.

"ती लाकडं साहेबांची हायेत!" रखमाजी ओरडला. "तुमची मेंढरं कोंडवाड्यात घालीन!"

"घाल," आसराबाई म्हणाली, आणि माझ्यापुढं हात केला. "बाई, काडी हाय का?"

माझ्या पिशवीत काड्यांची पेटी होती. काडी मीच ओढली.